एपीके फाइलच्या फसवणुकीची पार्श्वभूमी

व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो: गॅसचं बिल थकलंय, आज रात्री पुरवठा बंद होईल. किंवा गाडीवर चलन आहे. सोबत एक एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. ती उघडून दोन-तीनदा ‘अनुमती द्या’ दाबलं की बँकेच्या ओटीपीसकट सगळे एसएमएस पलीकडच्याच्या हाती जाऊ शकतात. असे प्रकार पुण्यात वारंवार घडताहेत, आणि फसलेल्या ज्येष्ठांना आपण अडाणी ठरवून मोकळे होतो. हे अन्यायाचं आहे. अ‍ॅप दुसऱ्याच्या हातून घेण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे.

आजच्या स्मार्टफोनच्या आधी गेम किंवा अ‍ॅप बसवायला जावा प्रणालीवर चालणाऱ्या फोनमध्ये जार नावाची फाइल टाकायची, नोकियाच्या सिम्बियन प्रणालीच्या फोनमध्ये एसआयएस. इंटरनेट महाग, त्यामुळे गेम मित्राकडून ब्लूटूथने यायचा, नाहीतर बुधवार पेठेतल्या एखाद्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. खात्री होती ती समोरच्या माणसाची, फाइलची नव्हे. धोका तेव्हाही होता. 2004 मध्ये सापडलेला ‘कॅबीर’ हा घातक प्रोग्रॅम ब्लूटूथवरून एका सिम्बियन फोनमधून दुसऱ्यात जायचा. तोही आधी परवानगी मागायचा आणि लोक ‘हो’ म्हणायचे.

10 जुलै 2008 ला अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर सुमारे 500 अ‍ॅप घेऊन उघडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइड मार्केट आलं. 2012 पासून तेच गूगल प्ले. आता अ‍ॅप तपासण्याची जबाबदारी या ऑनलाइन दुकानांकडे गेली. ही तपासणी निर्दोष नाही, पण खोटं अ‍ॅप सापडलं तर ते काढून टाकणारं कुणीतरी असतं. अँड्रॉइडने मात्र बाहेरून फाइल आणून बसवण्याची वाट खुली ठेवली. आजचे भामटे त्याच वाटेने येतात.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि घराघरांतल्या आजी-आजोबांच्या हाती स्मार्टफोन आला. तो सुरू करून दिला मुलाने, भाच्याने किंवा दुकानदाराने. अँड्रॉइडच्या मेनूत मराठी 2014 च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे, तरी कितीतरी फोन इंग्रजीतच राहिले. परवानगीची चौकट वाचायची असते, हे या मंडळींना कुणी दाखवलंच नाही. 2015 च्या सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा, एसएमएस, संपर्क यांची परवानगी वेगवेगळी मागितली जाऊ लागली. 2017 च्या आठव्या आवृत्तीपासून बाहेरची फाइल बसवायची मुभा व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर अशा प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्रपणे द्यावी लागते. म्हणजे घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये सेटिंग्ज उघडून व्हॉट्सअ‍ॅपची ही मुभा आजच बंद करता येते.

फाइल उघडली गेलीच असेल, तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून लगेच बँकेला व 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा.