गोखले, गोपाळ कृष्ण : प्राथमिक शिक्षण व त्याचा खर्च

नामदार गोपाळ कृष्ण गोखले (९ मे १८६६ – १९ फेब्रुवारी १९१५) यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणासाठी मांडलेली भूमिका. तिचे ठळक टप्पे दोन : १९१० चा ठराव आणि १९११ चे प्राथमिक शिक्षण विधेयक. दोन्ही असफल झाले. तरीही शाळांचा पैसा कोणी द्यायचा, हा प्रश्न कायदेमंडळात इतक्या हिशेबी पद्धतीने त्यापूर्वी क्वचितच मांडला गेला होता.

शिक्षण सक्तीचे असावे, ही कल्पना गोखल्यांची नव्हे. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे महात्मा फुले यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगाला, म्हणजे सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाला, सांगितले होते. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते, हा त्यांचा आक्षेप गोखल्यांच्या मांडणीपेक्षा कितीतरी धारदार होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ पासून तो संस्थानभर नेला. बडोद्याला जे जमते ते ब्रिटिश हिंदुस्थानला का जमू नये, हा प्रश्न गोखले सरकारला वारंवार विचारीत.

फर्ग्युसन कॉलेजातल्या अध्यापनातून मोकळे होऊन गोखले केंद्रीय कायदेमंडळात आले ते १९०२ मध्ये. पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात त्यांनी सरकारच्या शिलकीवर बोट ठेवले. प्रजा दारिद्र्यात असताना तिजोरीत शिल्लक पडते याचा अर्थ राज्य नीट चालले आहे असा नसून कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातो असा आहे, असे त्यांचे म्हणणे. लष्करावरचा खर्च आवरा, मिठावरचा कर उतरवा आणि शिक्षणाला पैसा द्या, ही मागणी ते पुढे वर्षानुवर्षे करीत राहिले.

मार्च १९१० मध्ये त्यांनी ठराव मांडला : प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्यास सुरुवात करावी आणि त्यासाठी सरकारी व बिनसरकारी सदस्यांचा संयुक्त आयोग नेमावा. विचार करू, असे आश्वासन मिळाल्यावर त्यांनी तो मागे घेतला. त्याच वर्षी भारत सरकारचे स्वतंत्र शिक्षण खाते निघाले, आयोग मात्र नेमला गेला नाही. मग १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयक आणले. त्याचा साचा इंग्लंडचे १८७० व १८७६ चे कायदे आणि आयर्लंडचा १८९२ चा कायदा यांवरून घेतलेला होता.

विधेयक बारकाईने वाचले तर त्यातली सावधगिरीच आधी नजरेत भरते. सक्ती देशभर नव्हे, तर एखाद्या नगरपालिकेने किंवा जिल्हा बोर्डाने मनावर घेतले तरच. तेही तिथली ठरावीक टक्के मुले आधीच शाळेत जात असतील तर. ती टक्केवारी भारत सरकारने ठरवायची आणि प्रांतिक सरकारची पूर्वपरवानगीही घ्यायची. एका सक्तीला तीन कुलुपे. वय सहा ते दहा. सुरुवात मुलांपासून, मुलींचा समावेश नंतर. आजारपण, घरची अडचण, शेतीचा हंगाम या सबबी मान्य होत्या. विनाकारण मूल घरी ठेवणाऱ्या पालकाला आणि शाळेच्या वयाच्या मुलाला कामाला लावणाऱ्या मालकाला दंड होता. स्थानिक संस्थेला शिक्षणपट्टी बसवता येणार होती. खर्चाचा एक तृतीयांश भाग तिने सोसावा आणि दोन तृतीयांश सरकारने द्यावा, अशी गोखल्यांची मागणी होती. फीमाफीची हमी मात्र महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांपुरतीच उरली, म्हणजे ‘मोफत’ हा शब्द १९१० च्या मानाने बराच आक्रसला.

एवढे सैल केलेले विधेयकही सरकारला पचले नाही. लोकांची मागणी नाही, प्रांतिक सरकारांचा पाठिंबा नाही, सक्तीवाचूनही शाळा वाढवता येतील, असे आक्षेप आले. सहा टक्केदेखील साक्षर नसलेल्या देशात ‘मागणी नाही’ ही सबब विचित्रच म्हणायची. जमीनदार वर्गाचाही विरोध होता. महंमद अली जीना यांनी विधेयकाची बाजू घेऊन पैशाची अडचण ही सबब खोडून काढली. विधेयक नापास होणार हे गोखले जाणून होते आणि भाषणात त्यांनी ते बोलूनही दाखवले. १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोधी मतांत सरकारी सदस्यांबरोबर काही भारतीय सदस्यही होते. सवलती देऊन मते मिळतील हा हिशेब चुकला, असेच म्हणावे लागते.

मधल्या काळात, डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात, पंचम जॉर्जनी लोकशिक्षणासाठी ५० लाख रुपये जाहीर केले होते. सरकारची तयारी होती ती अशी : देणगी द्यायची, बांधिलकी नको.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत शिक्षण सुरू करण्याचा निर्णय घेतला. विठ्ठलभाई पटेल यांच्या पुढाकाराने मुंबई इलाख्यात १९१८ चा कायदा झाला व नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दहा वर्षांचे उद्दिष्ट घालून दिले होते. प्रत्यक्ष हक्क २००२ च्या घटनादुरुस्तीने आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने आला. त्या कायद्याच्या कलम ७ ने खर्चाची जबाबदारी केंद्र व राज्य या दोघांवर टाकली आहे. कोणी किती टक्के सोसायचे, हा आकडा मात्र कायद्यात लिहिलेला नाही.