फळाला पिशवी घालायची खरी, पण कधी?

पेरू कापला आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या की डोकंच चालत नाही, बाहेरून तर फळ एकदम मस्त होतं, मग ह्या शिरल्या कुठून? तर त्या शिरल्याच नाहीत, आतच जन्मल्या. फळमाशीची मादी पोटाच्या टोकाला असलेल्या अणकुचीदार नळीने साल टोचते आणि सालीखाली अंडी घालते, अंडं जेमतेम 1 मिलिमीटर लांब, उबदार हवेत 1 ते 3 दिवसांत अळी बाहेर येते आणि गर खायला सुरुवात. नीट जवळून बघितलं तर टोचल्याजागी टाचणीच्या टोकाएवढा डाग असतो, कधीकधी रसाचा बारीक थेंबही आलेला असतो. अळी गरात गेली की वरून काहीही फवारा, तिच्यापर्यंत ते धड पोचत नाही, आणि काढणी जवळ आलेली असते त्यामुळे औषधाचे अंश मात्र फळावर राहायची भीती.

बॅगिंग म्हणजे ही टोचणीच होऊ द्यायची नाही. झाडावरच्या फळाला कागदाची किंवा न विणलेल्या कापडाची पिशवी घालायची आणि देठापाशी आवळून बांधायची, बस. पण पिशवी आधी फुगवून मग घालायची, फळ मधे मोकळं लोंबलं पाहिजे. कागद सालीला चिकटला तर माशी कागदातूनसुद्धा टोचू शकते.

आता लोक विचारतात कुठली बॅग चांगली, आणि माझ्या मते ह्याच्यापेक्षा ती कधी घातली हे जास्त महत्त्वाचं. पिशवी बाहेरच्याला बाहेर ठेवते तशी आतल्याला आतच ठेवते. फार लवकर घातली तर निसर्गतः गळणारी फळंही तुम्ही बांधत बसता, आणि कोवळा देठ हातात येतो तो वेगळाच. उशिरा घातली तर अंडी आधीच आत. म्हणून आंबा साधारण अंड्याएवढा झाला की, पेरू लिंबाएवढा व्हायच्या आत असं धरतात. डाळिंबात अजून घाई करावी लागते कारण फळ पोखरणाऱ्या सुरसा अळीचं फुलपाखरू फुलांवर आणि कोवळ्या फळांवरच अंडी घालतं. आंब्याच्या कोयीतला भुंगा तर ह्याहून बेरकी, तो फळ लहान असतानाच अंडी घालतो, अळी कोयीत जाते आणि वरची जखम भरूनही येते, त्यामुळे नंतर कितीही भारी पिशवी घाला, काही उपयोग नाही. करपा ह्या रोगाचंही तसंच, त्याची बुरशी कोवळ्या सालीत शिरून फळ पिकेपर्यंत गप्प बसते. त्यामुळे पिशवीच्या आधी बुरशीनाशक मारून फळ पूर्ण वाळू देतात. ओल्या फळाला पिशवी घालणं म्हणजे बुरशीला आयतं घर.

आणि पिठ्या ढेकूण, म्हणजे ते पांढरे पिठाळ, रस शोषणारे किडे! देठापाशी फट राहिली की ते आत शिरतात, मुंग्या त्यांच्या मागोमाग, आणि आत ना पाऊस ना ऊन ना फवारा, मग काय, मजाच त्यांची. बांधणी ढिली असेल तर पिशवी न घातलेली बरी.

रंगाचा भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. पिशवीत उजेड कमी, त्यामुळे सालीतलं हरितद्रव्य कमी होतं, साल फिकट आणि गुळगुळीत होते, फांदी-पानं घासून पडणारे डागही टळतात. पण सफरचंदाचा लाल रंग ज्या अँथोसायनिनमुळे येतो ते बनायला उजेड लागतो, मग पिशवीत सफरचंद लाल कसं होणार? होतच नाही, फिकटच राहतं. म्हणून काढणीच्या काही दिवस किंवा आठवडे आधी पिशवी काढतात, आणि अंधारात राहिलेली ती साल उजेडाला इतकी जोरात रिस्पॉन्स देते की रंग भराभर आणि एकसारखा चढतो. जपान-चीनमधे ह्यासाठी डबल थराच्या पिशव्या वापरतात, आधी बाहेरचा थर काढायचा, काही दिवसांनी आतला, नाहीतर नाजूक साल उन्हाने भाजते.

तोटे पण आहेत. पिशवीत दमटपणा जास्त म्हणून फळातून पाणी कमी उडतं, आणि कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबरच फळात येत असल्यामुळे तेही कमी पडू शकतं. गोडीचं म्हणाल तर कधी थोडी कमी, कधी काहीच फरक नाही, फळ, जात आणि पिशवी ह्यावर आहे ते. बंद प्लास्टिकच्या पिशवीत पाणी साठून फळ सडतं. केळीच्या घडाला प्लास्टिक चालतं ते भोकं पाडलेलं आणि खालून उघडं असतं म्हणून.

आणि हे सगळं हाताने, एकेक फळ धरून. छाटून बुटक्या ठेवलेल्या झाडांना जमतं, उंच झाडाच्या शेंड्याला कोण जाणार? ती फळं उघडीच राहतात, किडून खाली पडतात, त्यातल्या अळ्या मातीत जाऊन कोष करतात आणि थोड्याच दिवसांत नव्या माश्या वर येतात. म्हणून निम्म्या झाडाला पिशव्या घातल्या असतील तरी खाली पडलेली फळं रोजच्या रोज उचलून खोल पुरायचीच.