फुटलेल्या अॅन्युरिझमचे कॉइलिंग: धोक्यांची पार्श्वभूमी

मराठीत अॅन्युरिझमलाही ‘फुगा’ म्हणतात आणि कॅथेटरच्या (धमनीतून आत नेलेल्या बारीक नळीच्या) टोकाशी फुगवायच्या बलूनलाही. इथे आजाराला, म्हणजे मेंदूच्या धमनीच्या भिंतीला आलेल्या पिशवीसारख्या फुगवट्याला, अॅन्युरिझम आणि उपकरणाला बलून असे वेगळे ठेवले आहे, कारण एके काळी एकात दुसरा घालणे हाच उपचार होता. 1970च्या दशकात मॉस्कोत सुटा करता येणारा बलून मेंदूच्या धमनीत नेण्याचे तंत्र पुढे आले. अॅन्युरिझम क्वचितच नीट गोल असतो, बलून मात्र स्वतःचा आकार सोडत नाही. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला पातळ भिंतीवर ताण येई, काही बलून पुढे आक्रसत, आणि एकदा सोडलेला बलून परत घेता येत नसे. जेमतेम गुठळीने बुजलेल्या, नुकत्याच फुटलेल्या पिशवीला हे झेपणारे नव्हते.

1990 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये प्लॅटिनमची कॉइल (वेटोळी बारीक तार) पहिल्यांदा रुग्णात वापरली गेली. अशा कॉइलनी पिशवी आतून भरणे म्हणजे कॉइलिंग. 1995 मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. पोलादी तारेच्या टोकाशी जोडलेली ही मऊ कॉइल क्षीण विद्युतप्रवाहाने सुटते, आणि तोवर ती मागे खेचून पुन्हा बसवता येते. सुरक्षितता वाढली ती या ‘मागे घेता येण्या’मुळे. धोका त्याच जोडाजवळ राहिला. कॉइल नेणाऱ्या अतिबारीक मायक्रोकॅथेटरवर एकमेकांपासून 3 सेंमी अंतरावर दोन खुणा असतात. तारेवरची खूण मागच्या खुणेशी आली की क्ष-किरणांच्या पडद्यावर इंग्रजी ‘टी’सारखी आकृती दिसते आणि जोड कॅथेटरच्या तोंडाबाहेर पडला हे कळते. त्याआधी प्रवाह दिला तर कॉइलची शेपटी आतच अडकते किंवा मूळ धमनीत लोंबते. पुढे ढकलले तर ताठर तार भिंत भेदते.

उपचार चालू असताना टेबलावरच अॅन्युरिझम पुन्हा फुटतो तो बहुधा अशाच साध्या कारणांनी: पहिली कॉइल पिशवीपेक्षा मोठी निवडली, किंवा कॅथेटरमध्ये साठलेला ताण एकदम सुटून टोक पुढे उडाले. 3 मिमीपेक्षा लहान पिशवीत चुकीला जागाच नसते. अशा वेळी हात आपसूक कॅथेटर मागे घ्यायला जातो, आणि तेच करायचे नसते. पडलेले भोक कॅथेटरनेच थोडेफार अडवलेले असते. ते तिथेच ठेवून कॉइल भरत राहायचे, दर 100 युनिट हेपॅरिनला 1 मिग्रॅ या हिशेबाने प्रोटॅमिन देऊन हेपॅरिन (उपचारादरम्यान गुठळी होऊ नये म्हणून दिलेले औषध) उलटवायचे, अॅन्युरिझमच्या मानेशी (धमनीला जोडलेल्या तोंडाशी) बलून असेल तर तो काही मिनिटे फुगवायचा. भूलतज्ज्ञाला हे फुटणे अनेकदा पडद्याआधी कळते, कारण रक्तदाब झपकन चढतो आणि नाडी मंदावते.

दुसरी मोठी गुंतागुंत गुठळीची. कॉइलची पृष्ठे आणि अॅन्युरिझमची मान जिथे भेटतात तिथे प्लेटलेट्स चिकटतात. सुरुवातीच्या वर्षांत गुठळी विरघळवायला धमनीतून युरोकायनेजसारखी औषधे दिली जात, पण त्यांनी फुटलेल्या जागेचे बूचही विरघळे. म्हणून पुढे प्लेटलेट्सवर काम करणाऱ्या टिरोफिबानसारख्या औषधांकडे कल गेला.

या सगळ्याचे मोजमाप बदलले ते आयसॅट चाचणीने, आणि तिचा वाद आजही मिटलेला नाही. ब्रिटनसह अनेक देशांतल्या 43 केंद्रांतून 2,143 रुग्ण कॉइलिंग आणि क्लिपिंग (शस्त्रक्रियेने कवटी उघडून अॅन्युरिझमच्या मानेला बाहेरून चिमटा लावणे) अशा दोन गटांत विभागले गेले. 2002 मध्ये भरती मध्येच थांबवण्यात आली, कारण एका वर्षाने मृत किंवा परावलंबी असलेले रुग्ण कॉइलिंग गटात 23.7 टक्के, तर क्लिपिंग गटात 30.6 टक्के होते. एवढा फरक दिसत असताना चिठ्ठी टाकून रुग्ण शस्त्रक्रियेला पाठवत राहणे अनेकांना अनैतिक वाटले आणि ते बरोबरच होते. पण ज्यांच्यासाठी कोणताही उपचार चालेल असे दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांना वाटले, तेवढेच रुग्ण चाचणीत होते: तपासलेल्या 9,559 पैकी जेमतेम 22 टक्के. त्यातले बहुतेक शुद्धीवर, बहुतेक अॅन्युरिझम 10 मिमीपर्यंतचे आणि मेंदूच्या पुढच्या रक्ताभिसरणातले. मधल्या सेरेब्रल धमनीचे त्या मानाने कमी. क्लिपिंग गटाला उपचारासाठी सरासरी 1.7 दिवस थांबावे लागले, कॉइलिंग गटाला 1.1 दिवस. फुटलेल्या अॅन्युरिझममध्ये हे अर्ध्या दिवसाचे अंतर क्षुल्लक नाही. आकडा खरा आहे. चूक झाली ती, तो आकडा सगळ्या फुटलेल्या अॅन्युरिझमना लावण्यात. पुढे फिनिक्समधल्या चाचणीत आधी न निवडता रुग्ण घेतले, तेव्हा कॉइलिंगला नेमलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांना शेवटी क्लिप लावावी लागली.

भरती थांबल्यामुळे दीर्घकालीन प्रश्न मागे पडला. आयसॅटमध्येच पुढे पुन्हा उपचाराची गरज कॉइलिंगनंतर 17.4 टक्के रुग्णांना लागली, क्लिपिंगनंतर 3.8 टक्क्यांना. ‘पूर्ण बंद’ हा शब्द इथे फसवा ठरतो. त्याचा अर्थ एवढाच की अँजिओग्राफीत (धमन्यांच्या क्ष-किरण चित्रणात) रक्तात सोडलेला कॉन्ट्रास्ट, म्हणजे पडद्यावर दिसणारा द्रव, आत शिरताना दिसत नाही. घट्ट भरलेल्या पिशवीतही प्लॅटिनम साधारण पाव ते एक तृतीयांश आकारमान व्यापते, बाकी गुठळी असते. गुठळी विरघळते, रक्ताच्या धक्क्याने कॉइलचा गोळा दबतो, मान पुन्हा उघडते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत पुन्हा फुटण्याचे प्रमाण पूर्ण बंद अॅन्युरिझममध्ये 1.1 टक्के, तर 70 टक्क्यांहून कमी भरलेल्यांत 17.6 टक्के आढळले. सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी करण्याची पद्धत याच काळजीतून आली.

रुंद मानेतून कॉइल धमनीत घसरू नये यावर उतारा म्हणून स्टेंट (धमनीत बसवायच्या धातूच्या जाळीदार नळ्या) आले, पुढे प्रवाह वळवणाऱ्या जाळ्या. धातू मूळ धमनीत राहतो म्हणून गुठळी रोखणारी अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही द्यावी लागतात, तेही डोक्यात रक्त सांडलेल्या रुग्णाला. त्यातच मेंदूतले पाणी काढायला नळी घालावी लागली तर नळीच्या मार्गावर रक्तस्राव होतो. म्हणून नळीची गरज दिसत असेल तर ती स्टेंटआधी घालणे बरे. 2023 च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी हे स्पष्टच नोंदवले: साधे कॉइलिंग किंवा क्लिपिंग शक्य असलेल्या, पिशवीच्या आकाराच्या फुटलेल्या अॅन्युरिझममध्ये स्टेंट किंवा प्रवाह वळवणारी जाळी वापरू नये. धमनीच्या भिंतीवर फोडासारख्या उठणाऱ्या, मानच नसलेल्या अॅन्युरिझमची गोष्ट वेगळी, कारण तिथे कॉइल धरायला जागाच नसते.