वेलांटी आधी की अक्षर आधी?

'संगणकावर लिहायला दिलं तर मूल हाताने लिहायचं विसरेल,' अशी शंका पालकसभेत हमखास निघते. डिस्ग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अक्षमता, असलेल्या मुलाची अडचण नेमकी उलटी असते. त्याचं सगळं लक्ष अक्षर घडवण्यातच खर्च होतं आणि तेवढ्यात सांगायचं वाक्य डोक्यातून निसटतं. गोव्यातल्या चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) माटोळीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या छताचं, तोंडी रसाळ वर्णन करणारं मूल वहीत दीड ओळीवर थांबतं. हा आळस नव्हे, मंदपणाही नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि डिस्ग्राफिया तिच्यातच मोडतो. तरीही अक्षरं उलटसुलट आली की आधी दिश्ट (दृष्ट) काढली जाते आणि तपासणीला उशीर होतो. बारा आठवड्यांत डिस्लेक्सिया (वाचण्यातली अक्षमता) घालवण्याचं आश्वासन देणाऱ्या ॲपवरही विश्वास ठेवू नये. सॉफ्टवेअर अक्षमता घालवत नाही, लिहिण्यातलं एक ओझं उचलतं.

ते कोणतं, हे 'किती' या शब्दात दिसतं. उच्चारात आधी क्, मग इ. कागदावर मात्र पहिली वेलांटी क च्या डावीकडे बसते, म्हणजे नंतरच्या आवाजाची खूण आधी. आवाजांचा क्रम धरतानाच धडपडणाऱ्या मुलाला ही उलटापालट फार जड जाते. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित कळफलकावर 'किती'साठी के, एफ, एल, आर या कळा दाबतात: क, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी. एफ दाबताच वेलांटी आपोआप क च्या डावीकडे जाऊन बसते. युनिकोडमध्येही, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीतही, अक्षरं याच, बोलण्याच्या क्रमाने साठवली जातात. 'सूर्य'चा रफार तसाच: र, हलन्त (पाय मोडण्याची खूण), य. र आधी ऐकू येतो, आधीच दाबायचा. तो य च्या डोक्यावर चढवण्याचं काम यंत्राचं. जुन्या टंकयंत्राच्या धर्तीच्या कळफलकात मात्र वेलांटी आधी दाबावी लागते, म्हणून तो या मुलांना देऊ नये. रोमन अक्षरांतून मराठी टंकणंही टाळावं. गोव्यात मोबाइलवर कोंकणी रोमनमध्ये लिहायची सवय असते, त्यामुळे मोह होतो. पण तिथे 'त' आणि 'ट' दोन्हींसाठी टी हेच अक्षर, आणि नेमका कोणता हवा ते मुलाने यादीतून वाचून निवडायचं.

दुसरा आधार टंकलेलं वाचून दाखवणाऱ्या आवाजाचा. शब्द संपल्यावर शब्द आणि पूर्णविरामानंतर पूर्ण वाक्य, एवढंच चालू ठेवावं. प्रत्येक अक्षर उच्चारलं गेलं तर शब्द तुटतो. 'बाजारात'च्या जागी 'बाजरात' पडलं की मुलाला ते लगेच खटकतं. 'पाणी' आणि 'पाणि' मात्र आवाजात जवळजवळ सारखेच, तिथे कान कामाचा नाही. ऱ्हस्व-दीर्घासाठी शब्दांची कुटुंबं दाखवावी लागतात: फूल-फुलाला, वीट-विटेला, गरीब-गरिबाला. शब्द सुचवणारी यादी इथे उपयोगी पडते, पण त्यात तीन-चारच शब्द असावेत. दहा असले की यादी वाचणं हेच नवं काम होतं.

गोव्यात आणखी एक गाठ आहे. मूल लिहितं, 'आवयन माटोळी बांधली.' संगणकातला मराठी शब्दकोश 'आवयन' आणि 'माटोळी' या दोन्ही शब्दांखाली लाल रेघ मारतो आणि 'आवय'ऐवजी 'आवड', 'आवाज' असलं काहीतरी सुचवतो. यातला एकही शब्द मुलाने चुकीचा लिहिलेला नाही. 'माटोळी', 'चवथ' हे शब्द शिक्षकाने वैयक्तिक शब्दकोशात आधीच घालून ठेवावेत. 'आवय'बद्दल 'घरी आवय, मराठीच्या पेपरात आई' एवढंच सांगावं. लाल रेघेने मुलाला ते कळत नाही. त्याला वाटतं, आपलं पुन्हा चुकलं.

म्हणून लिहिताना लाल रेघ बंदच ठेवावी. आधी मुलाने तोंडी सांगावं, ते ध्वनिमुद्रित करावं. त्यातले पंधरा-वीस शब्द शब्दपेटीत टाकावेत, मग चार-पाच वाक्यं टंकू द्यावीत. ऐकून दुरुस्त्या झाल्या की शेवटी रेघ चालू करावी. एका बैठकीला वीस मिनिटं पुरतात. हाताने लिहिण्याचा सराव वेगळा, रोज थोडा, आणि त्या वेळी मजकूर रचायला लावू नये, नुसतं अक्षर.

हेडफोन मात्र लागतोच. सगळ्या वर्गाला 'बाजरात' ऐकू गेलं की ते मूल पुढचं वाक्य टंकत नाही.