हरणांची वाट आणि वायूच्या विहिरी

घोडबंदर रस्त्याने आपण घाईत जातो. या रस्त्याने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल तोडलं आहे: अलीकडे मुख्य जंगल, पलीकडे नागला. नकाशावर ती बारीकशी रेघ. बिबट्याला मात्र ती रात्रीच्या अंधारात ओलांडावी लागते, आणि ओलांडताना गाडीखाली बिबटे मेले आहेत.

अशा रेघांचं अख्खं जाळं बघायचं असेल तर अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या उपग्रह प्रतिमा उघडा. जमिनीच्या प्रतिमा टिपणाऱ्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ साली सोडला गेला आणि २००८ पासून त्यांच्या प्रतिमा सगळ्यांना फुकट मिळू लागल्या. तिथल्या जोना या नैसर्गिक वायूच्या क्षेत्राच्या १९८०च्या दशकातल्या प्रतिमेत सेजब्रश नावाच्या खुरट्या झुडपांचं करडं माळरान दिसतं. वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या प्रतिमेत त्याच माळावर फिकट चौकोन उमटले आहेत, म्हणजे वायूच्या विहिरींच्या जागा, आणि प्रत्येक चौकोनाला एक रस्ता.

लँडसॅटच्या प्रतिमेतला एक ठिपका जमिनीवर ३० मीटर बाय ३० मीटरचा, म्हणजे साधारण सात कबड्डी मैदानांएवढा. विहीर खोदायला चार-पाच एकर जमीन सपाट केली की असे वीसेक ठिपके एकदम उजळतात. रस्ता ठिपक्यापेक्षा अरुंद, तरी लपत नाही: उघडी माती झुडपांपेक्षा जास्त प्रकाश परत फेकते, त्यामुळे रस्ता ज्या ठिपक्यातून जातो तो ठिपका थोडा फिकट पडतो. असे फिकट ठिपके रांगेत आले की डोळा रस्ता ओळखतो. तिथलं कोरडं आकाशही मदतीला येतं. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने ढगच दिसतील. तेव्हा ढगांपलीकडे बघू शकणारे रडारवाले उपग्रह लागतात.

जॉन एमॉस हे भूशास्त्रज्ञ. तेल आणि वायूच्या धंद्यासाठी ते अशा प्रतिमा वाचत. २००१ मध्ये त्यांनी स्कायट्रूथ ही संस्था काढली आणि तेच कसब जमिनीचं काय होतंय हे लोकांना दाखवायला वापरलं. मला हे फार मोलाचं वाटतं. खोदणाऱ्याच्या अहवालावर विसंबून न राहता कुणालाही माळ स्वतः मोजता येतो.

हरीण मात्र या प्रतिमांत दिसत नाही. म्हणून संशोधकांनी शेजारच्या पाइनडेल भागात म्यूल हरणांच्या गळ्यात जीपीएस पट्टे घातले. १५ वर्षांच्या नोंदींत हरणं विहिरींपासून सरासरी ९०० मीटरहून जास्त लांब सरकलेली आढळली, आणि त्यांची संख्या ३६ टक्क्यांनी घटली. म्हणजे चौकोन चार-पाच एकरांचा, पण हरणांनी सोडलेली जमीन त्याच्या कितीतरी पट.

विहीर बंद झाली, यंत्रं गेली, तरी चौकोन लगेच पुसला जात नाही. सेजब्रश पुन्हा दाट व्हायला कित्येक दशकं लागतात.