टस्कनीतल्या मेंढपाळाघरची पंगत कुठून आली

इटलीच्या टस्कनी प्रांतात सिएना शहराच्या दक्षिणेला, पिएन्झा गावाच्या आसपास, मेंढ्यांचे दूध काढून स्वतःच पेकोरिनो चीज बनवणारी आणि तेच पाहुण्यांना जेवणात वाढणारी कुटुंबे आहेत. शेतावरच्या अशा पाहुणचाराला तिकडे आग्रितुरिझ्मो म्हणतात. मेंढ्या आणि चीज तिथे फार जुने. पंगत मात्र अलीकडची, आणि ती ओस पडलेल्या जमिनीतून उभी राहिली.

या भागातली शेती शतकानुशतके अर्धेलीने चाले. जमीन आणि घर मालकाचे, राबणारे कुळ, पीक निम्मे-निम्मे. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळे कारखान्यांकडे निघून गेली आणि 1964 च्या कायद्याने असे नवे करार करणेच बंद केले. मोकळी पडलेली चिकणमातीची माळराने स्वस्तात मिळू लागली, तेव्हा सार्डिनिया या इटालियन बेटावरचे मेंढपाळ समुद्र ओलांडून कळपांसह तिथे येऊन स्थिरावले. सोबत आली सार्दा जातीची मेंढी. ही दुधासाठीच पाळली जाते. आपल्याकडच्या धनगरांची दख्खनी मेंढी लोकरीसाठी, मांसासाठी आणि शेतात बसवून मिळणाऱ्या खतासाठी; तिचे दूध बहुतेक कोकराच्याच पोटात जाते. हा फरक ध्यानात घेतला नाही तर पुढचे गणित कळत नाही.

मेंढीच्या दुधात साधारण 6 ते 7 टक्के स्निग्धांश असतो. त्यामुळे 5-6 लिटर दुधात किलोभर चीज निघते; गाईच्या दुधाला सुमारे 10 लिटर लागतात. पण नुसते दूध डेअरीला घातले तर भाव दुसऱ्याच्या हाती. फेब्रुवारी 2019 मध्ये सार्डिनियात लिटरला सुमारे 60 सेंट मिळत होते, म्हणून मेंढपाळांनी रस्त्यावर दूध ओतले; त्यांची मागणी 1 युरोची होती. चीज घरीच बनवून घरच्याच टेबलावर वाढले, की मधले सगळे हात गळतात.

त्याला कायद्याचा आधार मिळाला 1985 मध्ये. शेतकऱ्याने पाहुणे ठेवावेत, जेवू घालावे, पण शेती मुख्य आणि पाहुणचार जोडधंदा, ही त्या कायद्याची अट. 2006 च्या कायद्याने ती जास्त स्पष्ट केली: ताटात स्वतःच्या आणि परिसरातल्या शेतांच्या मालाचा मोठा वाटा हवा. नेमके प्रमाण प्रत्येक प्रांत ठरवतो. पाहुणे दहापर्यंतच असतील तर शेतीच मुख्य आहे असे धरले जाते. छोट्या कुटुंबांना ही सवलत फार मोलाची आहे.

ताटात काय येणार हे मेंढी ठरवते. बहुतेक मेंढ्या शरद ऋतूच्या अखेरीपासून वितात. कोकरे महिनाभर पितात. त्यांतले बरेच नर नाताळ आणि ईस्टरच्या जेवणात जातात आणि दूध चीजसाठी मोकळे होते. उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत मेंढ्या आटतात.

टस्कन पेकोरिनोसाठी दूध 33 ते 38 अंश सेल्सियसवर रेनेट (दूध गोठवणारे विकर) घालून 20-25 मिनिटांत गोठवतात. मऊ चीज हवे तर हे दह्यासारखे गोठलेले दूध हेझलनटएवढ्या (छोट्या सुपारीएवढ्या) तुकड्यांत कापायचे, कडक हवे तर मक्याच्या दाण्याएवढे, कारण तुकडा लहान तितके पाणी जास्त सुटते. मऊ प्रकार किमान 20 दिवस मुरवतात, कडक किमान 4 महिने. धार काढताना स्वच्छता ढिली पडली तर कोलिफॉर्म जिवाणूंमुळे चीज एक-दोन दिवसांतच फुगते. काही आठवड्यांनी फुगले तर संशय मुरघासावर (हवाबंद साठवून आंबवलेल्या चाऱ्यावर) घ्यावा. त्यातून आलेले बीजाणू उशिरा जागे होतात. मुरवण्याची खोली कोरडी असेल तर साल तडकते आणि भेगांतून बुरशी आत शिरते.

चीज काढून उरलेली निवळी 80-85 अंशांपर्यंत तापवली की रिकोटा, म्हणजे मऊ, ताजे चीज, वर तरंगतो. कण दिसू लागताच ढवळणे थांबवलेच पाहिजे, नाहीतर ते फुटून रवाळ होतात आणि तळाशी बसतात. ताजा रिकोटा दोन-तीन दिवसांचाच, म्हणून त्याची खरी चव शेतावरच मिळते. तो पालकाबरोबर राविओलीत (सारणाच्या पास्त्यात) भरतात, किंवा नुसता मधाबरोबर वाढतात. जाड हातवळ्या पिची पास्त्यावर मात्र मुरलेला पेकोरिनो हवा, तोही भांडे आचेवरून उतरवल्यावर, बारीक किसून, पास्त्याच्या किंचित निवलेल्या पाण्यात कालवून. उकळत्या भांड्यात टाकला तर त्याच्या गुठळ्या होतात.

सप्टेंबरात गेलात तर अशा घरी ताजा रिकोटा बहुधा मिळणार नाही. तेव्हा वसंतातल्या दुधाचे, चार-पाच महिने मुरलेले चीज मागावे. चरायला हिरवे गवत असतानाचे दूध त्यात असते.