दरडींचे दूरसंवेदन

दरड कोसळलेली किंवा सरकू लागलेली जागा उपग्रह, विमान अथवा ड्रोनवरून टिपलेल्या प्रतिमांतून ओळखण्याच्या व मोजण्याच्या पद्धतीला दरडींचे दूरसंवेदन म्हणतात. भारतात हे काम इस्रोचे हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र करते. या केंद्राच्या २०२३ च्या भूस्खलन नकाशासंग्रहात १९९८ ते २०२२ या काळातील सुमारे ८०,००० दरडींची नोंद आहे.

दरडीची पहिली खूण म्हणजे नाहीशी झालेली हिरवळ. झाडांची पाने डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतात. त्यामुळे छद्मरंगी प्रतिमेत, म्हणजे हे अदृश्य किरण लाल रंगात दाखवणाऱ्या प्रतिमेत, रान लालभडक दिसते आणि दरडीचा ओरखडा त्यात निळसर-पांढरा उठून दिसतो. पण नांगरलेले शेत, दगडाची खाण, नदीचे कोरडे पात्र हीसुद्धा तशीच दिसतात. म्हणून कार्टोसॅट-१ सारख्या उपग्रहाच्या जोडप्रतिमांतून (एकाच जागेच्या दोन कोनांतून टिपलेल्या प्रतिमांतून) जमिनीची उंची काढतात, त्यावरून चढ-उताराचा नकाशा करतात आणि सपाट जागा गाळून टाकतात.

सह्याद्रीत खरी अडचण आभाळाची. दरडी पडतात ऐन पावसाळ्यात आणि तेव्हा डोंगरावर ढग ठाण मांडून असतात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले, दीडशेवर माणसे गेली. ही बातमी बाहेर आली ती उपग्रहामुळे नव्हे, एसटीच्या चालकामुळे, त्याला नेहमीच्या जागी गावच दिसेना.

रडार स्वतःच रेडिओ तरंग सोडून त्यांचा परतावा टिपते, त्यामुळे त्याला ढगांचा अडथळा नसतो. एकाच जागेच्या दोन वेळच्या रडार प्रतिमा ताडून पाहिल्या की जमीन किती सरकली ते सेंटिमीटरमध्ये कळते. उत्तराखंडातील जोशीमठची जमीन २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या बारा दिवसांत ५.४ सेंटिमीटर खचल्याचे हैदराबादच्या केंद्राने याच पद्धतीने मांडले होते.

मात्र ही पद्धत हळूहळू सरकणाऱ्या जमिनीसाठी. तळिये (२०२१) किंवा इर्शाळवाडी (२०२३) येथे अतिवृष्टीने भिजलेला उतार एकदम सुटला. शिवाय दाट झाडीत पाने हलतात, वाढतात, गळतात आणि दोन प्रतिमांचा मेळ बसत नाही. ३० जुलै २०२५ रोजी सोडलेल्या इस्रो-नासाच्या निसार उपग्रहाचे सुमारे २४ सेंटिमीटर लांबीचे तरंग पानांतून बरेच आत शिरतात, त्यामुळे झाडीचा प्रश्न काहीसा सुटतो. त्याची फेरी मात्र त्याच जागी बारा दिवसांनी येते.